वापरायला दिलेला घोडा परत मिळेना: मालकीचा वाद कोणत्या क्रमानं हाताळायचा

घोडा काही काळासाठी दुसऱ्याला दिला. तो तिकडे रुळला, त्या घरच्यांना त्याचा लळा लागला. पुढे परत मागितला तर उत्तर येतं, "आता तो आमचाच आहे." अशा वादात मूळ मालकाची बाजू खरी असूनही तो अडचणीत येतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामं उलट्या क्रमानं होतात. आधी रागाचा फोन, मग बाचाबाची, मग पोलीस आणि सगळ्यात शेवटी कागदांची शोधाशोध. तोवर घोडा दुसऱ्या तबेल्यात गेलेला असतो, मेसेज पुसलेले असतात आणि समोरच्यानं आपली बाजू रचून ठेवलेली असते.

बरोबर क्रम असा: व्यवहार काय होता ते ठरवणं, घोड्याची ओळख, पुरावा, ठावठिकाणा, हिशेब, आणि त्यानंतरच मागणी.

खाली दिलेली कलमं भारतातल्या कायद्यांची आहेत. जिथे इंग्लंडचा नियम वेगळा आणि कामाचा आहे तिथे तो सांगितला आहे. इतर देशांत कलमं बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही. हा लेख वकिलाची जागा घेत नाही. पण वकिलाकडे जाताना हातात काय असावं, ते यातून समजेल.

## टप्पा १: व्यवहार नेमका काय झाला होता, ते लिहून काढा

"घोडा दिला" या दोन शब्दांत निरनिराळे व्यवहार लपलेले असतात, आणि प्रत्येकाचा कायदेशीर परिणाम वेगळा असतो. कागद-पेन घ्या आणि ज्या दिवशी घोडा तुमच्या तबेल्यातून गेला त्या दिवशी काय बोलणं झालं, कोण हजर होतं, खर्च कोणी करायचा ठरलं, किती काळासाठी ठरलं, हे आठवेल तसं लिहा. आठवत नसेल ते "आठवत नाही" असंच लिहा. नंतर पुरावा बघून आठवण सुधारू नका. मूळ टिपण तसंच ठेवा.

मग व्यवहार यांपैकी कशात बसतो ते पाहा.

फुकट वापरायला दिला. मालकी तुमचीच. कायद्यात याला बेलमेंट म्हणतात: वस्तू ठरावीक हेतूसाठी सोपवायची आणि हेतू संपला की परत द्यायची. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ पासून पुढे हे नियम आहेत. गंमत म्हणजे या प्रकरणातली काही उदाहरणं घोड्याचीच आहेत. कलम १५४ मधलं एक उदाहरण असं: एकानं दुसऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या स्वारीसाठी घोडा दिला. त्यानं घरातल्या माणसाला बसवलं. तो माणूस नीट चालवत होता, तरी घोडा पडून जखमी झाला. भरपाई घोडा घेणाऱ्यानं द्यायची.

भाड्यानं दिला किंवा खर्चात वाटा घेऊन स्वारीचे दिवस वाटून दिले. मालकी तुमचीच. महिन्याचा वाटा भरला म्हणून घोड्यात हिस्सा मिळत नाही, तसं ठरलं असेल तरच मिळतो.

सांभाळायला ठेवला. घोडा त्यांच्या तबेल्यात, पैसे तुम्ही देता. मालकीबद्दल वाद सहसा होत नाही, थकलेल्या बिलाबद्दल होतो.

पसंतीसाठी दिला. "महिनाभर चालवून बघा, आवडला तर घ्या." इथे जपून. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम २४ प्रमाणे पसंतीची मुदत उलटून गेली आणि घेणाऱ्यानं नकार कळवला नाही, तर मालकी त्याच्याकडे जाऊ शकते. मुदत ठरलीच नसेल तर वाजवी काळ धरला जातो. असा व्यवहार असेल तर तुमचा हक्क घोड्यावर उरला आहे की फक्त किमतीवर, हे आधी वकिलाकडून तपासा.

हप्त्यानं विकला. मालकी कधी जायची हे दोघांचं काय ठरलं त्यावर अवलंबून. काही ठरलं नसेल तर हप्ते थकले म्हणून घोडा आपोआप परत तुमचा होत नाही.

भेट दिला. समोरच्याचा सगळ्यात आवडता बचाव हाच. त्यालाही कारण आहे: जंगम वस्तूची भेट द्यायला कागद लागत नाही, वस्तू हाती सोपवली तरी पुरते (मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२३). घोडा सोपवलेला तर तुम्हीही मान्य करता. म्हणून सगळा वाद "देण्याचा हेतू काय होता" यावर येऊन ठेपतो.

> थांबा, तपासा. व्यवहार एका वाक्यात सांगता येतो का? "अमुक तारखेला, अमुक कामासाठी, अमुक मुदतीसाठी किंवा मी मागेपर्यंत, घोडा वापरायला दिला." हे वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊ नका. नोटिशीपासून दाव्यापर्यंत हेच वाक्य न बदलता टिकायला हवं.

## टप्पा २: घोडा कोणता, हे निर्विवाद करा

तांबडा घोडा, कपाळावर टिकला, मागचे दोन पाय पांढरे. या वर्णनाचे घोडे ढिगानं सापडतात. "तुम्ही म्हणता तो हा घोडाच नाही" असं कोणी म्हटलं तर काय दाखवाल?

मायक्रोचिप (घोड्याच्या अंगात बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांक शोधून काढा. तो घोड्याच्या पासपोर्टवर (त्याच्या ओळखीच्या नोंदवहीत), चिप बसवणाऱ्या पशुवैद्याच्या नोंदीत किंवा नोंदणी संस्थेकडे असतो. चिप साधारणपणे मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, मानेच्या मध्यावर बसवतात. पुढे कधी घोड्यापाशी जायची संधी मिळाली तर स्कॅनर कानामागून खांद्यापर्यंत हळूहळू फिरवा, मग उजवी बाजूही बघा. चिप जागेवरून सरकलेली असू शकते, आणि घाईनं फिरवलेला स्कॅनर "चिप नाही" असं सांगून मोकळा होतो. क्रमांक आला की स्कॅनरचा पडदा आणि घोड्याचं तोंड एकाच फोटोत घ्या. फक्त आकड्यांचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. तो कोणत्याही घोड्याचा असू शकतो.

चिप नसेल तर अंगावरच्या खुणा. सगळ्यात भरवशाचे केसांचे भोवरे. कपाळावर, मानेवर, छातीवर ते कुठे आहेत, एक की जोड, याचं चित्र काढा. पायांच्या आतल्या बाजूला केस नसलेले कठीण गड्डे असतात. त्यांचा आकार प्रत्येक घोड्यात वेगळा असतो. जुने व्रण, डाग, दात यांचीही नोंद करा. रंगावर फार विसंबू नका. सफेद होत जाणारा घोडा वर्षागणिक बदलतो आणि उन्हाळा-हिवाळ्यातही रंगाची छटा पालटते.

आई-बाप ठाऊक असतील आणि त्यांचे नमुने नोंदणी संस्थेकडे असतील तर डीएनए चाचणीनं वंश सिद्ध करता येतो. त्यासाठी आयाळीचे मुळासकट उपटलेले केस लागतात. कापलेले केस चालत नाहीत.

## टप्पा ३: पुरावा गोळा करा, आणि त्याचं वजन ओळखा

कायदा आधी ताब्याकडे बघतो. वस्तू ज्याच्या हातात आहे तो मालक नाही असं ज्याला म्हणायचं आहे, त्यानंच ते सिद्ध करायचं. म्हणजे ओझं तुमच्यावर आहे. हे अन्यायाचं वाटतं, पण त्यावर चिडण्यात वेळ घालवू नका.

दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध करायच्या असतात आणि लोक त्या एकत्र कालवतात. पहिली, घोडा देण्याआधी तो तुमचा होता. दुसरी, तो देताना तुम्ही मालकी सोडली नाही. पहिलीसाठी विक्रीपावती, पैसे दिल्याची बँकेतली नोंद, विकणाऱ्याचं लेखी निवेदन. तुमच्याच घोडीचं शिंगरू असेल तर जन्माची आणि वळू घोड्याची नोंद. दुसरीसाठी लेखी करार असेल तर उत्तम. नसेल तर मेसेज, साक्षीदार, आणि घोडा दिल्यानंतरही तुम्ही मालकासारखे वागलात याच्या खुणा.

या शेवटच्या भागात बरंच सापडतं, म्हणून जरा थांबून शोधा. समोरच्यानं शस्त्रक्रियेआधी तुमची परवानगी विचारली होती का? नालबंदानं कधी तुम्हाला फोन केला होता का? विम्याचा हप्ता कोणाच्या खात्यातून जात होता? स्पर्धेच्या अर्जात मालक म्हणून कोणाचं नाव आहे? "याला पुढच्या महिन्यात गावी नेऊ का?" हा समोरच्याचा एक साधा मेसेज फार मोलाचा आहे, कारण स्वतःचा घोडा न्यायला कोणी परवानगी मागत नाही.

उलट बाजूचे मेसेजही तितक्याच प्रामाणिकपणे शोधा. "राहू दे तुझ्याकडेच", "आता तूच बघ त्याचं", "तुझाच घोडा समज." बोलणाऱ्यानं हे मायेनं म्हटलेलं असतं. न्यायालयात तेच वाक्य भेटीचा पुरावा म्हणून वाचलं जातं. असा मेसेज असेल तर वकिलापासून लपवू नका. त्याच्या मागचे-पुढचे मेसेज, त्यानंतर तुम्ही भरलेला खर्च, त्यानंतर त्यांनी विचारलेली परवानगी हे सगळं सोबत ठेवा. वाक्याचा अर्थ संदर्भानं ठरतो, आणि संदर्भ दाखवायचं काम तुमचं आहे.

पासपोर्टबद्दल. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. घोड्याचा पासपोर्ट ही त्याच्या ओळखीची आणि औषधोपचाराची नोंद आहे. त्यावरचं नाव म्हणजे मालकीहक्क नव्हे. इंग्लंडमध्ये तर हा कागद मालकीचा पुरावा धरलाच जात नाही. शिवाय पासपोर्ट घोड्यासोबत ठेवण्याचा नियम असलेल्या देशांत तो सांभाळणाऱ्याकडे असणं स्वाभाविकच आहे. तेव्हा त्यांच्या हातात पासपोर्ट आहे म्हणून घाबरू नका, आणि तुमचं नाव त्यावर आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. नाव कधी बदललं, कोणाच्या सहीनं बदललं, हे मात्र नोंदणी संस्थेला लेखी विचारा. तुमच्या सहीशिवाय बदललं असेल तर तो तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

मेसेज जपण्याची पद्धत. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करा, दोन ठिकाणी साठवा आणि मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्याला नको ते मेसेज गाळून बाकीचे देणं ही घोडचूक ठरते. समोरच्याकडे तेच संभाषण पूर्ण असतं.

> थांबा, तपासा. तारखेवार एक यादी तयार करा: घोडा घेतला, दिला, भेटायला गेलात, खर्च केलात, पहिल्यांदा परत मागितला. प्रत्येक ओळीसमोर पुरावा कोणता, ते लिहा. ज्या ओळीसमोर काहीच नाही तिथे साक्षीदार शोधा.

## टप्पा ४: घोडा कुठे आहे, ते गाजावाजा न करता पक्कं करा

मागणी करण्याआधी हे काम झालंच पाहिजे. एकदा नोटीस पोचली की घोडा हलवला जाण्याची भीती खरी असते. शेवटचं कधी, कुठे, कोणी पाहिलं? घोडा दिसला तर सार्वजनिक जागेवरून तारखेसह फोटो घ्या. कोणाच्या आवारात विनापरवानगी शिरू नका.

नोंदणी संस्थेला पत्र लिहा: या चिप क्रमांकाच्या घोड्याच्या मालकीबद्दल वाद आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय मालकबदल नोंदवू नये. प्रत्येक संस्था मालकबदल थांबवेलच असं नाही, पण तुम्ही कळवल्याची तारीख राहते. घोडा विम्यात असेल तर विमा कंपनीलाही कळवा.

घोड्याच्या तब्येतीकडेही याच वेळी बघा. वाद सुरू झाला की दोन्ही बाजू खर्च आखडतात आणि त्यात जनावर भरडलं जातं. खुरं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी छाटावी लागतात, लसींची वेळ ठरलेली असते. हाल होत असल्याचं दिसलं तर मालकीच्या वादाची वाट न बघता प्राणीक्लेशाची तक्रार करा. ती वेगळी बाब आहे आणि तातडीची आहे. मात्र घोडा परत मिळवायची युक्ती म्हणून खोटी तक्रार कधीही करू नका.

## टप्पा ५: हिशेब आधीच करून ठेवा

समोरचा माणूस हमखास म्हणेल, "मी इतकी वर्षं खाऊ घातलं." त्याचं उत्तर हातात असू द्या.

खुराक, नाल, औषधपाणी यांवर पैसे खर्च केल्यानं मालकी मिळत नाही. वापरायला घेतलेल्या घोड्याचा रोजचा खर्च हा सहसा वापराचा मोबदलाच असतो. पण घोडा तुमच्या सोयीसाठी, काही मोबदला न घेता सांभाळला असेल, तर सांभाळासाठी झालेला आवश्यक खर्च परत करणं करार कायद्याच्या कलम १५८ प्रमाणे तुमच्यावर येतं (इथून पुढे कायद्याचं नाव न घेता दिलेली कलमं याच कायद्याची). "आवश्यक" या शब्दावर बोट ठेवा. पोटशुळाचा उपचार आवश्यक. नवं महागडं खोगीर नाही. ते खोगीर त्यांनी घेऊन जावं.

"पैसे द्या, मगच घोडा सोडतो" हा अडवणुकीचा हक्क सरसकट मिळत नाही. कलम १७० मध्ये तो फक्त सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य वापरून काम केलेल्याला आहे. घोडा शिकवायला दिला आणि शिकवणीचे पैसे थकवले, तर असा दावा येऊ शकतो. नुसतं चारा-पाणी करणाऱ्याचा दावा कमजोर असतो.

माझा सल्ला: जो खर्च तुम्हाला मनापासून रास्त वाटतो तो काढा आणि नोटिशीतच देऊ करा. वाद त्यानं अर्ध्यावर येतो आणि पुढे न्यायालयातही तुमची बाजू प्रामाणिक दिसते.

## टप्पा ६: लेखी मागणी

आता मागा. तोंडी नाही, मेसेजवर नाही. वकिलामार्फत किंवा स्वतः, नोंदणीकृत स्पीड पोस्टानं पोचपावतीसह, आणि त्याचीच प्रत ईमेलनं.

या पत्राला एवढं महत्त्व का? कारण तोवर समोरच्याचा ताबा तुमच्याच परवानगीनं होता. मागणी झाली आणि त्यानं नकार दिला, की ताबा बेकायदा ठरायला सुरुवात होते. सोपवलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत भारतात मागणीनंतरच्या नकारापासून मोजली जाते (मुदत कायदा, १९६३, परिशिष्टातला अनुच्छेद ७०). वस्तू बळकावली किंवा परस्पर विकली असेल तर गणित वेगळं होतं, म्हणून तीन वर्षं हातात आहेत असं धरून बसू नका. इंग्लंडमध्ये साधारण नियम सहा वर्षांचा आहे.

पत्रात एवढं असावं:

१. घोड्याचं नाव, चिप क्रमांक, रंग, खुणा.
२. तो तुमचा कसा आणि कधीपासून.
३. टप्पा १ मधलं ते एक वाक्य, जसंच्या तसं.
४. परवानगी आता रद्द केली, हे स्पष्ट शब्दांत.
५. परत द्यायची तारीख, वेळ, जागा, आणि नेणारा कोण. वाहतुकीची सोय करायला पुरेल एवढी मुदत द्या.
६. तोवर घोडा विकू नये, हलवू नये, पैदाशीला वापरू नये, खच्चीकरण किंवा तातडीची नसलेली शस्त्रक्रिया करू नये.
७. देऊ केलेला खर्च, बिलं मागून.

मजकुराचा नमुना: "सदर घोडा मी आपणास दि. … रोजी केवळ स्वारीच्या वापरासाठी, मी परत मागेपर्यंत, विनामोबदला दिला होता. मी मालकी हक्क कधीही सोडलेला नाही. ती परवानगी मी या पत्राने रद्द करीत आहे. आपण घोडा दि. … रोजी सकाळी … वाजता माझ्या ताब्यात द्यावा."

मुदत ठरवून दिलेला असेल आणि ती संपायची असेल तर? फुकट दिलेली वस्तू मुदतीआधीही परत मागता येते (कलम १५९). मात्र त्या मुदतीच्या भरवशावर समोरच्यानं असं काही केलं असेल की लवकर परत देण्यानं त्याचं नुकसान त्याला झालेल्या फायद्यापेक्षा जास्त होईल, तर तो फरक तुम्हाला भरून द्यावा लागतो. मुदत संपलेली असेल तर न मागताही परत देणं त्याचंच कर्तव्य आहे (कलम १६०). आणि दोघांपैकी एक वारला तर फुकटचा व्यवहार तिथेच संपतो (कलम १६२). वारसांनी हे ध्यानात ठेवून लगेच पत्र लिहावं.

> इशारा. पत्रात "चोर", "फसवणूक", "तुरुंगात टाकीन" असले शब्द नकोत. हे पत्र पुढे न्यायाधीश वाचणार आहेत.

## टप्पा ७: उत्तर काय येतं, त्यावरून पुढची चाल

"भेट दिला होता." कधी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, हे लेखी विचारा. तपशील जितक्या लवकर कागदावर येईल तितकं नंतर बदलणं कठीण.

"मी विकत घेतला." किंमत किती, पैसे कसे दिले, पावती कुठे?

"तू कधी मालक नव्हतासच." ज्यानं वस्तू तुमच्याकडून सोपवून घेतली त्याला, सोपवताना तुम्हाला तो अधिकारच नव्हता, असं म्हणायची मुभा पुरावा कायदा सहसा देत नाही.

"मी तो विकून टाकला." हे सगळ्यात अवघड. मूळ नियम तुमच्या बाजूचा आहे: जो मालक नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला चांगली मालकी मिळत नाही. भारतात वस्तू विक्री कायद्याचं कलम २७, इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्याचं कलम २१. पण त्याच कलमात एक फट आहे. तुमच्या वागण्यामुळे विकणाऱ्याला विकायचा अधिकार आहे असं दिसलं असेल, तर पुढे तुम्हाला तो अधिकार नाकारता येत नाही. कोरे सही केलेले मालकबदलाचे फॉर्म घोड्यासोबत देणं म्हणजे ही फट स्वतः उघडी करून देणं. विक्री कळताच नव्या खरेदीदाराला तुमच्या हक्काची लेखी सूचना द्या. तो बहुधा स्वतःही फसलेला असतो. त्याच्याशी सभ्यपणे बोला, त्याच्याकडची पावती तुमचा महत्त्वाचा पुरावा आहे.

"घोडा मेला." पशुवैद्याचा दाखला, विल्हेवाटीची नोंद आणि फोटो मागा. नीट काळजी घेऊनही मेला असेल तर भरपाई मिळेलच असं नाही. पण परत द्यायची वेळ उलटून गेल्यावर मेला, तर जबाबदारी घेणाऱ्याची (कलम १६१).

शिंगराचं काय? घोडी दिली असताना तिला शिंगरू झालं, तर वेगळा करार नसल्यास ते घोडीच्या मालकाचं. कलम १६३ मध्ये गाय आणि वासराचं उदाहरण आहे, तत्त्व तेच. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा. त्यावरून ती गाभण कधी राहिली, देण्याआधी की नंतर, हे मोजून ठेवा. परवानगीनं भरवली असेल आणि वळूचे पैसे समोरच्यानं दिले असतील तर इथे तडजोडीला वाव ठेवा.

## टप्पा ८: तडजोड, दावा, पोलीस

रात्री जाऊन घोडा उचलून आणणं हा मार्ग नाही. घोडा तुमचा असला तरी दुसऱ्याच्या आवारात शिरणं, कुलूप तोडणं, मोतद्दाराशी झटापट करणं यानं गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. बिथरलेला घोडा अंधारात गाडीत कोंबताना त्याचा पाय मोडू शकतो. चांगली बाजू एका रात्रीत हातची जाते.

मध्यस्थी आधी करून बघा. दोघांना मान्य असलेला पशुवैद्य किंवा जुना जाणता घोडेवाला चालतो. ठरलं ते लगेच लिहून दोघांच्या सह्या घ्या.

नाही जमलं तर दिवाणी दावा. विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ ची कलमं ७ आणि ८ ठरावीक जंगम वस्तूच परत मिळवण्यासाठी आहेत. दाव्यात तीन मागण्या एकत्र असाव्यात: मालकी जाहीर करणं, घोडा परत देणं, आणि परत देणं शक्य नसेल तर त्याची किंमत. किंमत आकारताना जाणकाराचा लेखी अंदाज जोडा. प्रेमापोटी वाढवलेला आकडा टिकत नाही.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज करा, आणि हा अर्ज पुढच्या तारखेवर ढकलू नका. निकालाला वर्षं लागतात, घोड्याचं वय थांबत नाही. अर्जात फक्त "विकू नये" एवढंच मागून थांबू नका. हलवू नये, पैदाशीला वापरू नये, पशुवैद्याकडून तपासणी करू द्यावी, दावा चालेपर्यंत खर्च कोणी करायचा ते ठरवावं, हेही मागा.

पोलिसांकडे कधी? समोरच्यानं बेइमानीनं विकला, लपवला, कागद खोटे केले, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ मधला विश्वासघाताचा गुन्हा (कलम ३१६) लागू शकतो. नुसतं "भेट दिला होता" असं तो प्रामाणिकपणे मानत असेल तर पोलीस बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. म्हणून पोलीस ठाण्यात जाताना नोटीस, पोच, नकार आणि विक्रीचा पुरावा घेऊनच जा.

## टप्पा ९: घोडा ताब्यात घेण्याचा दिवस

दिवसाउजेडी जा. सोबत पशुवैद्य, घोडा हाताळणारा माणूस आणि दोन त्रयस्थ साक्षीदार. आधी चिप तपासा, मगच सही. घोड्याचे चारही बाजूंनी फोटो, चारही खुरं, जखमा, अंगलट. ताबापावतीवर तारीख, वेळ, घोड्याची अवस्था आणि सोबत काय-काय मिळालं (पासपोर्ट, लगाम, झूल) ते लिहा. "माझी काही तक्रार उरली नाही" असं वाक्य पावतीत घुसडलेलं असेल तर ते खोडल्याशिवाय सही करू नका.

तिकडे तो काय खात होता ते विचारून घ्या, आणि खुराक हळूहळू बदला. घोड्याचं पोट अचानक बदल सोसत नाही. इतर घोड्यांपासून काही दिवस वेगळा बांधा. नोंदणी संस्थेकडचं नाव आणि पत्ता लगेच दुरुस्त करून घ्या.

## तुम्ही घोडा घेणारे असाल तर

हक्काची बाजू तुमचीही असू शकते. खरंच विकत घेतला असेल, भेट मिळाला असेल, तर तोच पुराव्याचा क्रम तुम्हीही पाळा. वाद उभा राहिला की घोडा हलवू नका, विकू नका, उत्तर मुदतीत लेखी द्या. दोन वेगळी माणसं मालकी सांगत असतील तर स्वतः निवाडा करून कोणा एकाला घोडा देऊ नका. न्यायालयाला ठरवू द्या. आणि घोडा चावरा किंवा बुजरा आहे हे मालकाला ठाऊक असूनही त्यानं सांगितलं नाही आणि तुम्हाला इजा झाली, तर भरपाई मागायचा हक्क तुमचा आहे (कलम १५०).

## पुढच्या वेळी घोडा देताना

एका पानाचा करार पुरतो. त्यात चिप क्रमांक, "मालकी देणाऱ्याकडेच राहील", वापर कशासाठी आणि कोणी करायचा, ठेवायची जागा, खर्चाची वाटणी, शस्त्रक्रियेला परवानगी कोणाची, शिंगरू कोणाचं, परत मागायची मुदत आणि कोणी वारल्यास घोडा कोणाकडे जाईल, हे सगळं असावं. दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. दरवर्षी नवी तारीख घालून पुन्हा सह्या घ्या, आणि मधूनमधून घोड्याला बघायला जा, त्या दिवशीचा फोटो समोरच्याला मेसेजवर पाठवा.